इस्पितळाच्या दारातील तपासणी

"फादर, मला ना ताप, ना खोकला. पहाटे उठून स्वतः म्हशीची धार काढतो. मग मला रोगी ठरवणारे हे कोण?"

सन २०२० च्या सप्टेंबर महिन्यात आमच्या धर्मग्रामातील, साठी उलटलेल्या एका शेतकरी गृहस्थांनी हा प्रश्न आम्हांस दूरध्वनीवरून विचारला. त्यांना अंतर्गळाचा जुना विकार होता. शहरातील एका इस्पितळात शस्त्रक्रियेचा दिवस ठरला होता. मुलाने भाड्याची गाडी केली होती, भाताच्या कापणीपूर्वी सारे उरकावे असा घरच्यांचा बेत होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांच्या नाकातून नमुना घेण्यात आला आणि संध्याकाळी निरोप आला की अहवाल पॉझिटिव्ह आहे. शस्त्रक्रिया तूर्त होणार नाही. घरी जाऊन वेगळ्या खोलीत राहावे. ते गृहस्थ संतापले होते. पण त्या संतापाच्या तळाशी लाज होती, हे त्यांच्या आवाजावरून आमच्या ध्यानात आले.

त्यांच्या प्रश्नाचे धड उत्तर त्या दिवशी आमच्याजवळ नव्हते. "डॉक्टर सांगतात ते ऐकावे," एवढेच आम्ही म्हणालो. हे उत्तर खोटे नव्हते, परंतु अपुरे होते. पुढे आम्ही जाणत्या डॉक्टरांस विचारले, जे वाचावयास मिळाले ते वाचले. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी ज्या साथीला जागतिक साथ म्हटले, तिच्यामुळे उद्भवलेली आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे त्याच संघटनेने जाहीर केले. साथ ओसरली, तरी तो रोग जगातून गेलेला नाही. आणि उद्या दुसरी साथ येणारच नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून ते उशिराचे उत्तर आमच्या वाचक कुटुंबांपुढे आज ठेवीत आहोत.

भूल आणि फुप्फुसे

शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासतात, लघवी तपासतात, साखर पाहतात, छातीचा फोटो काढतात. याचे कोणास वाईट वाटत नाही. हे शरीर भूल आणि सुरी यांचा भार सोसू शकेल काय, एवढेच डॉक्टरांस पाहावयाचे असते. साथीच्या दिवसांत त्या यादीत नाकातील नमुन्याची भर पडली, तीही प्रथम याच कारणासाठी.

मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णास पूर्ण भूल देतात, तेव्हा त्याच्या श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास चालवावा लागतो. निरोगी माणूस खोकतो, कफ बाहेर टाकतो आणि त्यायोगे आपली फुप्फुसे स्वच्छ राखतो. भुलेखाली ही राखण काही काळ झोपी जाते. शुद्धीवर आल्यानंतरही पोटावरील जखमेच्या वेदनेमुळे रुग्ण मोकळेपणाने खोकू शकत नाही, खोल श्वास घेत नाही. त्यातच शस्त्रक्रियेचा आघात भरून काढण्यात शरीराची शक्ती गुंतलेली असते. नेमक्या अशा वेळी फुप्फुसांवर घाला घालणारा विषाणू शरीरात आधीच लपून बसलेला असेल तर काय होईल, हे सांगण्यास वैद्यकशास्त्राचे फार ज्ञान नको. घराची कौले उतरवून ठेवावीत आणि त्याच रात्री मृगाचा पाऊस कोसळावा, तशी ती गत होते.

हा केवळ तर्क नव्हता. चीनमधील वूहान शहरात, साथीची पुरती ओळख पटण्यापूर्वी, १ जानेवारी ते ५ फेब्रुवारी २०२० या काळात ज्यांच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया झाल्या, अशा ३४ रुग्णांची हकिकत तेथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग त्यांच्या अंगी मुरत होता, पण तो वर दिसत नव्हता. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच काळात त्या सर्वांस न्यूमोनिया झाला. १५ जणांस अतिदक्षता विभागात हलवावे लागले आणि ७ जण दगावले. ज्या शस्त्रक्रिया महिना-दोन महिने पुढे ढकलता आल्या असत्या, त्यांनीच या माणसांचा जीव संकटात घातला होता.

पुढे २४ देशांतील २३५ इस्पितळांनी मिळून ११२८ रुग्णांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेच्या सुमारास संसर्ग आढळलेले हे सर्व रुग्ण होते. त्यांतील बहुतेकांच्या शस्त्रक्रिया तातडीच्या होत्या, ही गोष्ट हिशेबात धरली पाहिजे. तरीही आकडे ऐकून मन चरकते. सुमारे निम्म्या रुग्णांस फुप्फुसांचे विकार जडले आणि तीस दिवसांच्या आत दर शंभरांमागे जवळजवळ २४ जण मरण पावले. हा हिशेब मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि शस्त्रक्रियेपूर्वी हा संसर्ग आहे की नाही हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये, हा विचार जगभर दृढ झाला.

लक्षण नाही, तरी रोग आहे

"पण मला काहीच होत नाही," असे आमचे शेतकरी गृहस्थ म्हणत होते, ते अक्षरशः खरे होते. आमच्या गावांतून रोगाची ओळख लक्षणांवरून होते. कपाळाला हात लावून पाहावा, जीभ पाहावी, खोकल्याचा आवाज ऐकावा. आमच्या आया-आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. या विषाणूने ती खूणच पुसून टाकली.

न्यूयॉर्क शहरातील दोन इस्पितळांचा दाखला येथे देण्याजोगा आहे. तेथे २२ मार्च ते ४ एप्रिल २०२० या पंधरवड्यात २१५ स्त्रिया बाळंतपणासाठी दाखल झाल्या. जवळजवळ सर्वांची तपासणी झाली. ३३ जणींस संसर्ग आढळला आणि त्यांपैकी २९ जणींस दाखल होताना कोणतेही लक्षण नव्हते. केवळ ताप पाहून या स्त्रियांस आत घेतले असते, तर त्या २९ जणींविषयी कोणास काहीच कळले नसते. त्यांच्या शेजारच्या खाटेवरील बाळंतिणीसही नाही, आणि त्यांचे बाळ हाती घेणाऱ्या परिचारिकेसही नाही.

तपासणीचे दुसरे कारण येथे येते. श्वासनलिकेत नळी घालणारा भूलतज्ज्ञ रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर वाकलेला असतो. त्या क्षणी रुग्णाच्या श्वासातील सूक्ष्म तुषार थेट त्याच्या चेहऱ्यावर येतात. दात काढणारा डॉक्टर, घशातून दुर्बीण उतरवणारा डॉक्टर, सुईण, परिचारिका, खोली पुसणारी बाई, हे सारे त्याच हवेत श्वास घेतात. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभर सुमारे १,१५,५०० आरोग्यसेवक या रोगाने मरण पावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतील प्रत्येकाच्या घरी वाट पाहणारे कोणीतरी होते. आपल्या नाकातील काडी ही त्यांच्याही घराची राखण होती, हे आपण त्या वेळी किती जणांनी ध्यानात घेतले?

काडीवरील कणाचे पुढे काय होते?

नाकात खोलवर फिरवलेली ती कापसाची काडी प्रयोगशाळेत जाते. विषाणू डोळ्यांस दिसत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. म्हणून त्याच्या शरीरातील जनुकीय धाग्याचा एक ठरावीक तुकडा शोधतात. प्रथम त्या धाग्याची डी.एन.ए. स्वरूपात नक्कल करतात आणि मग तो तुकडा एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ असा वाढवीत नेतात. राजाकडे बुद्धिबळाच्या पटावरील घरागणिक दुप्पट दाणे मागणाऱ्या माणसाची गोष्ट आमच्या वाचकांनी ऐकली असेल. येथील हिशेब तोच. तीस वेळा दुप्पट झाली की एका तुकड्याचे १०७ कोटींहून अधिक तुकडे होतात. तुकडा मुळात असेल तर तो असा वाढून यंत्रास दिसतो. नसेल तर कितीही फेऱ्या केल्या तरी काही वाढत नाही. दुप्पट करीत जाण्याची ही युक्ती कॅरी मलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८३ साली शोधली आणि तिच्यासाठी १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले. वर्तमानपत्रांतून आपण आर.टी.-पी.सी.आर. असे वाचले, ती हीच तपासणी.

साथीच्या प्रारंभी अशा प्रयोगशाळा थोड्या होत्या. गोव्यातील नमुनेदेखील पहिल्या दिवसांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवावे लागत. पुढे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आणि बेळगावातही सोय झाली. जून २०२० मध्ये अर्ध्या तासात निकाल देणाऱ्या अँटिजेन तपासणीसही आपल्या देशात मान्यता मिळाली. ती झटपट खरी, परंतु तिच्या नजरेतून थोडा विषाणू निसटू शकतो. म्हणून लक्षणे असूनही ती निगेटिव्ह आली, तर दुसरी तपासणी करून खात्री करून घेत.

आता तपासणीची उणी बाजूही सांगितली पाहिजे, कारण अर्धे सत्य सांगणे हे विश्वास मिळविण्याचे साधन नव्हे. काही अमेरिकन संशोधकांनी २०२० साली अनेक ठिकाणचे अहवाल एकत्र करून असे अनुमान काढले की, लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवशी तपासणी केली तर शंभर संसर्गित माणसांपैकी ६७ जण निसटतात. लक्षणे दिसू लागतील त्या दिवशी ३८. आणि तीन दिवसांनंतरही २०. दुसरीकडे, बरे झालेल्या माणसाच्या नाकात मेलेल्या विषाणूचे अवशेष कित्येक आठवडे राहतात आणि त्यापासून कोणास धोका नसतानाही अहवाल पॉझिटिव्ह येतो. तात्पर्य, ही तपासणी म्हणजे डॉक्टरच्या हातातील एक कंदील आहे. त्याच्या उजेडात वाट दिसते, पण सारे रान दिसत नाही. म्हणूनच अहवाल निगेटिव्ह असला तरी डॉक्टर मास्क उतरवीत नसत, आणि रुग्णास "गेल्या काही दिवसांत घरी कोणास ताप होता काय?" असे पुनःपुन्हा विचारीत. त्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे हे तपासणीइतकेच मोलाचे होते.

थांबण्याचीही किंमत असते

शस्त्रक्रिया पुढे ढकलणे ही फुकटची गोष्ट नव्हे. साथीच्या ऐन भरातील बारा आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८४ लाख ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या किंवा पुढे गेल्या, असा अंदाज तज्ज्ञांनी २०२० साली वर्तवला. त्यांत कर्करोगाचे रुग्णही होते, आणि कर्करोग कोणासाठी थांबत नाही. डोळ्यांवर मोतीबिंदू घेऊन चाचपडणारे वृद्ध, गुडघ्याच्या वेदनेने रात्र जागून काढणाऱ्या माता यांच्या प्रतीक्षेचा हिशेब तर कोणत्याच वहीत नाही.

मग किती थांबावे? या प्रश्नाचे उत्तर मार्च २०२१ मध्ये हाती आले. ११६ देशांतील १६७४ इस्पितळांतून १,४०,२३१ रुग्णांची माहिती गोळा करण्यात आली. ज्यांस संसर्ग झालाच नव्हता, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यूचे प्रमाण शेकडा दीड होते. संसर्गानंतर पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांत ते शेकडा चारहून अधिक भरले. सहाव्या आठवड्यापर्यंत ते फारसे उतरले नाही. मात्र सात आठवडे उलटल्यावर ते पुन्हा शेकडा दीडवर आले. म्हणून शक्य तेथे सात आठवडे थांबावे, आणि त्यानंतरही दम लागत असेल तर आणखी थांबावे, असा सल्ला रूढ झाला. पुढे लस आली, विषाणूचे रूपही बदलले, तेव्हा हा काळ डॉक्टर रुग्णागणिक ठरवू लागले.

परंतु थांबता येत नाही असे प्रसंग असतात. अडलेली बाळंतीण, फुटलेले आंत्रपुच्छ, अपघातातील रक्तस्राव, यांस अहवालाची वाट पाहण्यास वेळ नसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ मे २०२० च्या आपल्या सूचनांत स्पष्ट लिहिले होते की, तपासणी झालेली नाही या कारणास्तव कोणताही तातडीचा उपचार, बाळंतपणदेखील, लांबणीवर टाकू नये. नमुना घ्यावा, पण उपचार सुरू ठेवावा. दुर्दैवाने ही सूचना सर्वत्र पाळली गेली नाही. जून २०२० मध्ये दिल्लीजवळील नोएडा परिसरात आठ महिन्यांची एक गरोदर स्त्री तेरा तास एका इस्पितळाच्या दारातून दुसऱ्या दारी फिरत राहिली आणि अखेर रुग्णवाहिकेतच तिने प्राण सोडला. ही बातमी वाचून देश हळहळला. रुग्णाच्या रक्षणासाठी आलेली सावधगिरी जेव्हा रुग्णास घालवून देण्याचे निमित्त होते, तेव्हा तिच्यातील सारे पुण्य नाहीसे होते. आमच्या मते या साऱ्या प्रकरणाची खरी कसोटी येथेच आहे. तपासणीने "हा रुग्ण आत घ्यावा की नाही?" हे ठरवावयाचे नसते; "याला कसा, केव्हा आणि कोणत्या काळजीने हाताळावे?" हे ठरवावयाचे असते.

साथीचा जोर बदलला तसे नियमही बदलले. १० जानेवारी २०२२ रोजी त्याच परिषदेने सांगितले की, लक्षणे नसलेल्या रुग्णांची, प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रियांचीही, कारणावाचून शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी करू नये. "काल सक्ती होती, आज मनाई कशी? म्हणजे कालचे खोटेच होते," असे काहींनी म्हटले. आम्हांस ते पटत नाही. नदीला पूर असता साकवावर पहारा ठेवतात. पाणी ओसरले की पहारेकरी घरी जातो. म्हणून पुराच्या रात्रीचा पहारा व्यर्थ ठरत नाही.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले?

चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला. दोन दिवस चालताना दम लागला. देवकृपेने दुखणे तेवढ्यावर निभावले. ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रिया झाली असती, तर हा ताप त्यांना शस्त्रक्रियेच्या खाटेवर, पोटाला टाके असताना आला असता. हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. घरी पाठवताना डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती: अंतर्गळाची गाठ कठीण झाली, आत जाईनाशी झाली, असह्य दुखू लागली किंवा ओकाऱ्या सुरू झाल्या, तर अहवाल काहीही असो, त्याच क्षणी निघून यावे. हा कागद त्यांच्या सुनेने चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवून ठेवला होता. तशी वेळ आली नाही. डिसेंबरात त्यांची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली.

पण ते दोन-तीन आठवडे त्या घराने काय भोगले, तेही लिहिले पाहिजे. शेजाऱ्यांनी त्यांच्याकडील दुधाचे रतीब बंद केले. वाटेने जाणारी माणसे त्यांच्या अंगणाच्या बाजूने न जाता बांधावरून वळसा घेऊ लागली. आणि आम्ही? आम्ही दूरध्वनी केला. फाटकाबाहेर, दहा हातांवर उभे राहून त्यांना हाक मारता आली असती. त्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. आम्ही ते केले नाही. पुढे त्यांनीच आम्हांस म्हटले, "फादर, काडीचं दुखणं क्षणभराचं होतं. माणसं वळसा घेऊन गेली, ते अजून दुखतं." यावर आम्हांस काही बोलता आले नाही.

वाचकहो, इस्पितळाच्या दारात पुन्हा कधी अशी तपासणी करण्याची वेळ आली, तर काही गोष्टी लक्षात असू द्याव्यात. ताप, खोकला, घरातील आजारीपण डॉक्टरांपासून लपवू नये. शस्त्रक्रिया रद्द होईल या भीतीने गोळी घेऊन ताप उतरवून जाणे म्हणजे स्वतःच्याच जिवाशी खेळ होय. अहवाल पॉझिटिव्ह आला तर "मग केव्हा येऊ, आणि तोवर कोणती लक्षणे दिसली तर लगेच येऊ?" हे दोन प्रश्न विचारून उत्तर कागदावर लिहून घ्यावे. निगेटिव्ह आला तर भेटावयास साऱ्या गोतावळ्याने गर्दी करू नये. तातडीच्या रुग्णास केवळ अहवालाअभावी कोणी परत पाठवू लागले, तर नम्रपणे परंतु ठामपणे तेथेच उभे राहावे आणि उपचार मागावा.

आणि शेजारच्या घरी असा अहवाल आला, तर रतीब बंद करू नये. भांडे फाटकाशी ठेवावे, दूर उभे राहावे, आणि नाव घेऊन हाक मारावी. पुढच्या वेळी आम्हीही तेथे असू.